कमरेच्या गादीत मूळ पेशी: दुखणं कमी झालं, रिपोर्ट अजून आलेला नाही

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी बरीच झिजलेली, एमआरआयवर फिरमान ग्रेड ४, म्हणजे झिजेच्या पाच पायऱ्यांतली चौथी. फिजिओ, पट्टा, एपिड्युरल (मणक्यातलं इंजेक्शन) सगळं झाल्यावर पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये बीएमएसी केलं, म्हणजे स्वतःच्याच मज्जेतल्या मूळ पेशींचं इंजेक्शन. कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढली, यंत्रात फिरवून दाट केली आणि गादीत टोचली. खर्च दीड लाखाच्या वर. मेडिक्लेमने एक पैसाही दिला नाही.

सुरुवातीला कंबर आधीपेक्षा जास्त ठणकली. मग हळूहळू उतार पडला. दहापैकी सातवर असलेलं दुखणं आता चारवर आहे. नाशिकपर्यंत गाडीत बसून जाते. हे मी मनापासून मान्य करते.

पण माझ्या गादीत पेशी किती गेल्या? डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘बीएमएसी, २ मिली’. सही करण्याआधीच मी विचारलं होतं, तेव्हा ‘रिपोर्ट मागाहून देतो’ म्हणाले. तो आजतागायत आलेला नाही. पाच रुपयांच्या गोळ्यांच्या पाकिटावरही मात्रा नि बॅच नंबर छापलेला असतो! मज्जेत या कामाची मूळ पेशी दहा हजार पेशींत एखादी, कित्येकदा त्याहूनही कमी. अमेरिकेत २६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ज्यांच्या नमुन्यात अशा पेशी जास्त होत्या, त्यांना जास्त आराम पडला. मग आकडा नको का द्यायला?

इथवर लिहिलं तेव्हा क्लिनिकला पाचपैकी चार तारे देणार होते. काल नवा एमआरआय हातात आला. गादीची उंची होती तेवढीच, ग्रेड ४च. ‘गादी पुन्हा भरते’ असं तिथल्या समुपदेशक बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोजलेल्या पेशी घेऊन ४०४ रुग्णांवर चाचणी केली. तरी २०२१च्या निकालात मुख्य निकष गाठला गेला नाही. ज्यांचं दुखणं ६८ महिन्यांपेक्षा कमी जुनं होतं, त्यांच्यात फरक जास्त दिसला. माझं नऊ वर्षांचं! मला आराम पेशींनी दिला की नंतरच्या नेटाने केलेल्या व्यायामाने, हे कोण सांगणार? आता दोनच तारे.

आणखी एक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्य चाचणीबाहेर मूळ पेशी देणं हा गैरव्यवहार आहे, अपवाद रक्ताच्या काही आजारांचा. चाचणीत असाल तर पैसे घ्यायचे नाहीत. क्लिनिककडे सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागितला, तर विषयच बदलला.

आता ‘दुसरा डोस सवलतीत’ म्हणून फोन येतात. मी पहिल्या डोसचा आकडा लेखी मागते. ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार टाईप करून ठेवली आहे, या महिन्यात रिपोर्ट आला नाही तर दाखल करणार.