जोडीपत्त्यांचा संच आणि त्यासोबतची पालक-पुस्तिका : एक परीक्षण

खोक्यावर ‘मुलांची स्मरणशक्ती वाढवा’ असे ठळक अक्षरांत छापलेला जोडीपत्त्यांचा एक संच पुण्यात आप्पा बळवंत चौकातील दुकानातून घेतला आणि घरातील पाच वर्षांच्या मुलीबरोबर तो काही आठवडे खेळून पाहिला. खेळ परिचित आहे. पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उघडायचे, जोडी जमली तर उचलायची, नाहीतर पुन्हा जागच्या जागी पालथे ठेवायचे. राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीने १९५९ मध्ये ‘मेमरी’ या नावाने तो बाजारात आणला आणि त्यानंतर त्याची असंख्य रूपे निघाली. या संचातील चित्रे मात्र आपल्याकडची आहेत : पोळपाट, कंदील, वरवंटा, परडी. परडी आणि टोपली इतक्या सारख्या काढल्या आहेत की मोठी माणसेही फसतात, आणि ते बहुधा मुद्दाम केले असावे.

खोक्यावरचे आश्वासन जपूनच घ्यावे. पालथ्या पत्त्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा सराव केला की तेवढे एक काम अधिक चांगले जमू लागते. त्यावरून सांगितलेला निरोप, कविता किंवा पाढेही अधिक लक्षात राहतील असे मानण्यास फारसा आधार नाही. पैसे वसूल होतात ते सोबतच्या छोट्या पालक-पुस्तिकेमुळे, आणि खोक्यावर तिचा उल्लेख अगदी बारीक अक्षरांत केला आहे.

पुस्तिकेतील पहिली सूचना साधी आहे. मुलाने दुसरा पत्ता उघडण्यापूर्वी पालकाने विचारायचे, “नक्की आठवतंय, की अंदाज आहे?” उत्तर म्हणून मुलाने हसऱ्या, साध्या किंवा गोंधळलेल्या चेहऱ्याची सोंगटी पुढे सरकवायची. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची जाणीव लहान वयात कच्ची असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मुलांना किती चित्रे लक्षात राहतील याचा आधीच अंदाज करायला सांगितला, तेव्हा बालवाडीच्या वयातील अनेक मुलांनी दाखवलेली सगळीच्या सगळी दहा चित्रे आठवतील असे सांगितले. प्रत्यक्षात त्यांना त्याहून बरीच कमी आठवली. आमच्याकडेही सुरुवातीला प्रत्येक पत्त्याला हसरा चेहराच पुढे येत असे. पुढे गोंधळलेला चेहरा अधूनमधून दिसू लागला, आणि तो नेमका परडीच्या वेळी दिसला, ही माझ्या मते जिंकलेल्या जोड्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे. या जाणिवेचे मूळ फार लवकर रुजते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात वीस महिन्यांची बाळे लपवलेले खेळणे कुठे आहे हे आठवत नसेल तेव्हा शेजारी बसलेल्या पालकाकडे पाहून मदत मागत असल्याचे दिसले. अशा वेळी त्या नजरेला घरात कसा प्रतिसाद मिळतो, यावर पुढचे बरेच अवलंबून असावे.

पुठ्ठा पातळ आहे, हा संचाचा ढोबळ दोष. थोड्याच दिवसांत कंदिलाच्या एका पत्त्याचा कोपरा दुमडला. मुलीने तो हेरला आणि स्वतःहून सांगितले, “हा दुमडलेला आहे ना, म्हणून मला कळतं. मला लक्षात ठेवावंच लागत नाही.” नियमाने पाहिले तर ही लबाडी आहे, पण आपल्या लक्षात राहणार नाही हे ओळखून बाहेरची खूण वापरणे आणि ती वापरल्याचे सांगताही येणे, हेच तर पुस्तिकेला शिकवायचे आहे.

पुस्तिकेचा उत्तम भाग पत्त्यांशी संबंधितच नाही. घडून गेलेल्या गोष्टींविषयी मुलांशी कसे बोलावे, यावर तिच्यात चार पाने आहेत. “मंडईतून काय आणलं? आठव ना, काय आणलं?” असा एकच प्रश्न उगाळण्याऐवजी “तिथे पाऊस आला तेव्हा आपण कुठे थांबलो होतो? तुला भीती का वाटली?” असे विचारत, मुलाने दिलेल्या तुकड्याला आपला तुकडा जोडत जावे, असे तिथे सुचवले आहे. रोबिन फायव्हुश, एलेन रीस आदी संशोधकांनी मायलेकरांच्या अशा संभाषणांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, तपशील वाढवत बोलणाऱ्या आयांची मुले पुढे आपल्या आठवणी अधिक भरीवपणे सांगतात, असे त्यातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपल्या घरांत “काकूंना कविता म्हणून दाखव” याची सवय अधिक आहे. पाठांतराला मी कमी लेखत नाही, पण अडखळलेल्या मुलाला पुढची ओळ पुरवण्यापलीकडे तिथे पालकाला फारसे काम उरत नाही, आणि पुस्तिकेने याविषयी चकार शब्द काढलेला नाही.

शेवटच्या पानावरील ताऱ्यांचा तक्ता मात्र खटकतो. रोज किती जोड्या जिंकल्या ते लिहून तारे चिकटवायचे, अशी ही योजना आहे. तो भिंतीवर लागल्यावर मुलगी गोंधळलेला चेहरा पुढे करीनाशी झाली. कबुली दिली तर तारा जातो, असा तिने त्याचा अर्थ लावला. पुस्तिका ज्या प्रामाणिकपणाची मशागत करते, तोच तिचा तक्ता उपटून काढतो. आम्ही तो उतरवला.

जर्मन आणि अमेरिकी दुसरीतल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात घरी लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवणे आणि डोके चालवावे लागणारे खेळ खेळणे या गोष्टी जर्मन पालकांनी अधिक प्रमाणात नोंदवल्या होत्या, आणि त्यांची मुले युक्त्या अधिक वापरताना दिसली. पालकांनी स्वतःविषयी दिलेल्या माहितीवर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न उरतोच. तरीही खेळाशेजारी बोलणारा मोठा माणूस असावा, हे त्यातून सुचते. म्हणून मुलाला संच देऊन आपण फोन घेऊन बसणार असाल, तर तो घेऊ नये. रोज पंधरा-वीस मिनिटे शेजारी मांडी घालून बसायची तयारी असेल, तर चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तो चांगला आहे. पुढच्या आवृत्तीत पुठ्ठा जाड करावा आणि ताऱ्यांच्या जागी मंडईसारख्या गप्पांचे आणखी नमुने छापावेत.