चारही इंजेक्टर गेलेत म्हणे!

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सहा-सात सेकंद सेल्फ मारल्याशिवाय धरत नाही. एकदा गरम झाली की दिवसभर तक्रार नाही. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, यातली कुठलीही जुनी १.३ डिझेल घ्या. आत फियाटचंच १२४८ सीसीचं इंजिन आहे. हे दुखणं घेऊन गॅरेजात गेलं की स्कॅनर लागतो, पडद्यावर रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला, म्हणजे रेलमधला दाब) कमी असल्याचा कोड येतो आणि लगेच निकाल लागतो: "साहेब, चारही इंजेक्टर गेलेत."

इथेच थांबायचं. प्रेशर तयार होत नाही, एवढंच स्कॅनर सांगतो. ते कुणामुळे, हे तो सांगत नाही. टाकीपासून येणारी नळी हवा ओढत असेल, फिल्टर चोंदला असेल, पंप झिजला असेल, दाब सांभाळणारा रेग्युलेटर अडकला असेल, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर गळत असेल, बॅटरी बसल्याने इंजिन हळू फिरत असेल. कोड बहुतेक वेळा तोच. नव्या इंजेक्टरची किंमत पाच आकडी, म्हणून बोट नेमकं तिकडेच जातं.

खरं तर लक्षणातच अर्धं उत्तर असतं. झिजलेला इंजेक्टर डिझेल आतल्या आत रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत सोडतो, आणि डिझेल गरम होऊन पातळ झालं की ही गळती वाढते. म्हणून इंजेक्टरवाली गाडी सहसा गरम असताना रुसते: पेट्रोल पंपावर पाच मिनिटं बंद केली आणि मग धरेना. फक्त सकाळचं दुखणं असेल तर आधी हवा बघा. फिल्टरच्या झाकणाचं रबर किंवा नळीचा क्लिप सैल झाला की रात्री डिझेल मागे उतरतं आणि सकाळी पंपाला हवा मिळते. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि सेल्फ मारताना बघा. बुडबुड्यांची माळ दिसली तर काम काहीशे रुपयांत आटोपतं. (ग्लो प्लगच्या, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणाऱ्या प्लगच्या नावाने बिल करणारेही भेटतात. असं रेलवालं, म्हणजे कॉमन रेल इंजिन आपल्याकडच्या हवेत ग्लो प्लगशिवायही सुरू होतं.)

तरीही शंका इंजेक्टरवरच असेल तर रिटर्न टेस्ट समोर उभं राहून करून घ्या. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरच्या बारीक रिटर्न नळ्या काढायच्या, त्या जागी चार पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, मूळ रिटर्न लाइन बुचाने बंद करायची आणि गरम इंजिन तीन मिनिटं आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत तिप्पट आलं, तर गेलेला इंजेक्टर तो एक. चारही बाटल्यांत सारखं आणि थोडंच असेल तर चोर दुसरीकडे आहे. "या गाडीत ही टेस्ट होत नाही" असं कुणी म्हणालं तर किल्ली परत मागावी. मात्र इंजिन चालू असताना रेल ते इंजेक्टर ही लोखंडी नळी कुणालाही सैल करू देऊ नका. तिथे हजार बारच्या वर दाब जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

मोठा डल्ला याच्या पुढे असतो. चार इंजेक्टर निघतात, त्यातले तीन चांगले. ते धुऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीत "रिकंडिशन" म्हणून बसतात, आणि तुमच्या गाडीत तसेच कुणाचे तरी येतात, बिलावर मात्र "नवे". कधी तर तुमचेच घासूनपुसून परत. म्हणून गाडी देण्याआधी इंजिनचं कव्हर काढा, डिझेलच्या फडक्याने इंजेक्टर पुसा आणि फोटो घ्या. बॉश इंजेक्टरवर ०४४५११० ने सुरू होणारा पार्ट नंबर असतो. त्याशिवाय डोक्यावर अक्षर-आकड्यांचा वेगळा कोड कोरलेला असतो. हा कोड प्रत्येक इंजेक्टरचा निराळा. अंगावर नेलपॉलिशचा ठिपकाही चालतो, पण इंजेक्टर धुण्याच्या अल्ट्रासॉनिक टाकीत तो टिकेलच असं नाही, फोटो टिकतो.

हाच कोड ईसीयूत (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) भरावा लागतो, म्हणजे कोणत्या सिलिंडरला किती डिझेल सोडायचं याचा हिशेब जमतो. पुष्कळ ठिकाणी ते करतच नाहीत. मग आयडल थरथरतं, इंजिन टकटकतं, आणि दुसरं बिल तयार होतं: "ईसीयूत प्रॉब्लेम आहे."

इंजेक्टर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) लावला असेल तर दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील रिपोर्ट मागा आणि त्यावरचा नंबर तुमच्या फोटोशी ताडून बघा. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुनाच बसवला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बाजूने निसटतं, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि पुढच्या वेळी तो इंजेक्टर हेडमधून उपटून काढावा लागतो.

बिलातल्या दोन ओळी तर हसू आणणाऱ्या असतात. एक, "टायमिंग बेल्ट बदलला". या इंजिनात टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाहीच. बाहेर दिसतो तो अल्टरनेटरचा. दोन, "इंजिन ऑइल साडेचार लिटर". फिल्टरसकट तीन लिटरच्या थोडं वर लागतं. वरचं सव्वा लिटर कुणाच्या गाडीत गेलं ते विचारा. खरंच याच इंजिनात ओतलं असेल तर ते जास्त वाईट.

पैसे देऊन झाले असतील तरी तपासता येतं. दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावून ईसीयूतले चार कोड वाचून घ्या आणि इंजेक्टरवर कोरलेल्या कोडशी जुळवा. जुळले नाहीत तर दोन्हींचे फोटो, जॉब कार्ड आणि जीएसटीचं बिल एकत्र ठेवा. आधी गॅरेजला लेखी पत्र द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. "जुने पार्ट परत हवेत" ही ओळ मात्र जॉब कार्डवर पहिल्याच दिवशी, गाडी आत घेण्याआधी, लिहून घ्यायची असते.