जेन्सन इंटरसेप्टर घ्यावी की जॅग्वार एक्सजे-एस?

इकडे यूकेत राहणाऱ्या दोन-तीन मराठी मित्रांनी गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. जुनी ब्रिटिश जीटी घ्यायचीय, अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ परवडत नाही, जॅग्वारच्याच चांगल्या ई-टाइप स्पोर्ट्स कारचे भावही हाताबाहेर गेलेत, मग फिरून फिरून ह्या दोघींवरच गाडी येते. जीटी म्हणजे एका दिवसात चार-पाचशे मैल तोडायचे, मागे आठवड्याचं सामान, पुढे दोघं निवांत, आणि उतरल्यावर कंबर धरायला लागू नये. त्या कामाला दोन्ही चोख आहेत. पण घेतल्यावर गळ्यात काय पडतं ते पार वेगळं. इंटरसेप्टरचं इंजिन सोपं पण बॉडी अवघड, एक्सजे-एसच्या बॉडीचं निभावून नेता येतं पण तिचं बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन सांभाळायला माणूस जाणकार लागतो.

आधी इंटरसेप्टर. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये रिचर्ड आणि अ‍ॅलन ह्या जेन्सन भावांची छोटी कंपनी होती. त्यांची आधीची सीव्ही-८ फायबरग्लासची, पळायची झकास पण तिचं तोंड लोकांना पसंत पडत नव्हतं. मग चीफ इंजिनिअर केविन बीटीने आग्रह धरला की डिझाइन इटलीतून आणू, मिलानच्या टूरिंग ह्या डिझाइन कंपनीने आकार काढला, सुरुवातीच्या बॉड्या ट्यूरिनला विन्यालेकडे बनल्या आणि नंतर तो सगळा सरंजाम उचलून वेस्ट ब्रॉमिचला आणला. १९६६ मध्ये गाडी आली. खालची चॅसी सीव्ही-८ वरूनच घेतलेली, पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. इंजिन क्रायस्लरचं व्ही-८, पहिल्यांदा ६.३ लिटर, नंतर ७.२ लिटर. बहुतेक सगळ्या गाड्यांना क्रायस्लरचाच तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक, जो मोडायला खरंच मेहनत घ्यावी लागते.

कास्ट आयर्नचं इंजिन, पुशरॉड, आठ प्लग, एक डिस्ट्रिब्युटर, वर एक मोठा कार्बोरेटर, बस. अमेरिकेत ही इंजिनं साध्या डॉज आणि प्लिमथमध्ये लागायची, त्यामुळे पार्ट आजही मिळतात आणि भावही अंगावर येत नाहीत. तीन कार्बोरेटरची एसपी मात्र सोडून द्या, ती कलेक्टर लोकांची गाडी आहे.

खरा खर्च पत्र्यात. सगळ्या मिळून जेमतेम ६,४०८ इंटरसेप्टर बनल्या, त्याही हाताने जुळवून, त्यामुळे एका गाडीचं पॅनेल दुसरीला सरळ बसेलच असं नाही, कापून-घासून बसवावं लागतं आणि तो तासांचा हिशोब असतो. सिल, चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग, जिथे पाणी थांबतं तिथे गंज. ती मागची मोठी गोल काच, जी अख्खी वर उघडते आणि जिच्यासाठी लोक ह्या गाडीवर जीव टाकतात, ती फुटली तर दुसरी शोधत फिरावं लागतं.

इथे इंटरसेप्टरच्या चारचाकी-ड्राइव्ह बहिणीबद्दल, जेन्सन एफएफबद्दल, बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फर्ग्युसन फॉर्म्युला. हा तोच हॅरी फर्ग्युसन ज्याच्या नावाचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपण गावाकडे बघत मोठे झालो. त्याला रस्त्यावरच्या गाडीला चारही चाकांना ताकद द्यायची होती, आयुष्याची शेवटची वर्षं त्याने त्यासाठी खर्च केली, १९६० मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या चारचाकी-ड्राइव्ह रेसिंग कारने, पी-९९ ने, स्टर्लिंग मॉस चालवत असताना औल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. तीच सिस्टिम जेन्सनने १९६६ मध्ये रस्त्यावर आणली, ताकदीचा ३७ टक्के हिस्सा पुढच्या चाकांना आणि ६३ टक्के मागच्या, वर डनलॉपची मॅक्सारेट ही अँटी-लॉक ब्रेक सिस्टिम, जी मुळात विमानांच्या चाकांसाठी बनवलेली. चारही चाकांना ताकद देणारी ऑडी क्वाट्रो यायला अजून चौदा वर्षं होती! इतकी पुढची गाडी, पण फक्त ३२० बनल्या. महाग होती, आणि रचनाच अशी की स्टीअरिंग डावीकडे नेता येईना, म्हणजे अमेरिका बंदच. ओळखायची खूण, पुढच्या चाकामागे एकाऐवजी दोन गिल, म्हणजे हवेच्या फटी, असतात आणि नाक थोडं लांब. बघायला मिळाली तर डोळे भरून बघा, पण पहिली क्लासिक म्हणून घेऊ नका.

आता एक्सजे-एस. सप्टेंबर १९७५ ला आली, म्हणजे तेलाच्या भाववाढीनंतर लगेच, १२ सिलिंडर घेऊन. त्याच सुमाराला जेन्सन दिवाळखोरीत निघून रिसीव्हरच्या हातात गेली होती आणि १९७६ मध्ये बंद झाली. लोकांना ई-टाइपची धाकटी बहीण पाहिजे होती आणि मिळाली ही लांबरुंद गाडी, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना उतरत्या भिंती असलेली, त्यामुळे नाराजी झाली. मला स्वतःला त्या भिंती आवडतात. ई-टाइपचा आकार देणाऱ्या माल्कम सेयरनेच ह्या गाडीवर काम सुरू केलं होतं, तो १९७० मध्ये गेला, आणि त्याची विमानवाली नजर त्या मागच्या उतारात अजून दिसते. खालचा सांगाडा जॅग्वारच्या एक्सजे ह्या चार दारांच्या सलून गाडीचा, आखूड केलेला, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आणि ब्रेक चाकात नाही तर आत डिफरन्शियलशेजारी.

५.३ लिटरचं ते व्ही-१२ अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं. उभ्या गाडीत इंजिन चालू आहे हे काट्याकडे बघून कळतं, इतकं शांत. पण उष्णता प्रचंड, आणि दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत नळ्या-वायरी सगळ्या भाजत बसतात, रबर कडक होतं, पेट्रोलची नळी तडकली तर आग लागते. ही भीती घालायला सांगत नाही, ह्या नळ्या वयाप्रमाणे बदलायच्याच असतात आणि बिलात तारीख दिसायला पाहिजे. कूलंट वेळेवर न बदलल्यास अ‍ॅल्युमिनियम आतून खातं, रेडिएटर तुंबतो, आणि एकदा नीट तापलं की काम हजारो पाउंडांचं. प्लग बारा, त्यातले पुढचे एसीच्या कॉम्प्रेसरखाली, नवख्याची अर्धी सुट्टी त्यातच जाते.

१९८१ मध्ये स्विस इंजिनिअर मायकेल मेच्या डोक्यातून आलेलं नवं सिलिंडर हेड बसवून एचई मॉडेल आलं, कॉम्प्रेशन १२.५ वर नेलं, पेट्रोल कमी प्यायला लागली आणि मरायला टेकलेलं मॉडेल १९९६ पर्यंत चाललं. एक लाख पंधरा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. पिंपरीत ट्रक बनवणाऱ्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार घेतली तोवर ही बंद होऊन बारा वर्षं झालेली, पण पॅनेलपासून बुशपर्यंत सामान आजही मिळतं. म्हणून म्हटलं की बॉडीचं निभतं. गंज हिलाही लागतो, मागच्या रेडियस आर्मची जागा आणि पुढच्या सबफ्रेमचे माउंट उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रस्त्यावर? दोघी पावणेदोन टनांच्या आसपास, शून्य ते साठ मैल सातेक सेकंदात. मोटरवेवर एक्सजे-एस सरळ पुढे, दीडशे मैलांच्या घरात जाते, इंटरसेप्टर १३०-१३५ ला थांबते, पण तिथवर कोण जातंय. खराब रस्त्यावर जॅग्वार पाण्यासारखी, जेन्सनचे पाटे मागून कळवत राहतात. पेट्रोल: जेन्सन लिटरला चार-साडेचार किलोमीटर, एचई जपून चालवली तर सहा. चाळीस वर्षं झालेल्या गाडीला इकडे रोड टॅक्स नाही, हिस्टॉरिक म्हणून नोंद केली की लंडनचा यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, तोही नाही. १९७६ पर्यंतच्या इंटरसेप्टर सगळ्याच त्यात बसतात, एक्सजे-एसमध्ये साल बघा.

माझा कौल असा. वर्षभर चालवायची असेल, घरच्यांना घेऊन स्कॉटलंडला जायचं असेल तर एक्सजे-एस, आणि पहिलीच क्लासिक असेल तर व्ही-१२ सुद्धा नको, सहा सिलिंडरची ३.६ किंवा नंतरची ४.० घ्या, ३.६ मध्ये पाच गिअरची मॅन्युअलही मिळते. व्ही-१२ चाच ध्यास असेल तर एचई, आणि जवळ त्या इंजिनाचा जाणकार आधी शोधून मग गाडी. इंटरसेप्टर त्याने घ्यावी ज्याला स्वतः बोनेट उघडून हात काळे करायला आवडतात आणि ज्याच्याकडे कोरडं गॅरेज आहे. त्यातही मार्क-२ किंवा मार्क-३, पत्र्याचं काम पूर्ण झालेली, फोटोंसकट. अर्धवट उघडलेली स्वस्तात मिळतेय म्हणून अजिबात नाही, ती शेवटी तयार गाडीपेक्षा महाग पडते.

कुठलीही बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव. पोचल्यावर पहिलं बोनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर का तापवली ते विचारा. मग चालू करून वीस मिनिटं उभी ठेवा, ट्रॅफिकमधल्यासारखी, आणि तापमानाचा काटा कुठे जातो ते बघत बसा.