उसन्या अंगठीचे खेळ: दहा महिने वापरून झाल्यावर

मी गोव्यात फोंड्याला हायस्कूलात शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी जादूचे प्रयोग करतो. बारसं, वाढदिवस, साखरपुडा, शाळेचं गॅदरिंग, बोलावतील तिथे. गेल्या दसऱ्याला हौसेने चार वस्तू एकदम मागवल्या, चारही प्रेक्षकाकडून अंगठी मागून करायच्या खेळांच्या. टपालखर्च धरून साडेनऊ हजार गेले. बायकोला सहा सांगितले आहेत.

कुठली वस्तू आतून कशी चालते ते इथे सांगणार नाही. घ्याल तेव्हा कळेल, आणि न घेणाऱ्याला कळून उपयोग नाही.

पहिली वस्तू किल्ल्यांचं पाकीट. अंगठी हातातून नाहीशी होते आणि खिशातल्या पाकिटात किल्ल्यांच्या कडीत अडकलेली सापडते. या खेळाला सगळे रिंग फ्लाइट म्हणतात. जगभर फार जुना आणि फार विश्वासाचा खेळ. पण ज्याने तो बनवला त्याच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत, साधी लग्नातली वळ्यासारखी अंगठी होती. आपल्याकडे बोटात काय असतं? पुष्कराज, पोवळं, नीलम, नवग्रह, वर चार बाजूंनी वळवलेल्या कोंदणाच्या नख्या. त्या नख्या अडकतात. शिवाय 22 कॅरेट सोनं मऊ, जरा ओढाताण झाली की नखी वाकते आणि खडा डुगडुगायला लागतो.

फेब्रुवारीत म्हार्दोळजवळच्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. नवऱ्या मुलाच्या मामांनी अंगठी दिली. देताना म्हणाले, "शनीची आहे, पाच मिनिटांच्या वर काढायची नाही." मी हसून माइकमध्ये विचारलं, "मामा, सोनाराची पावती जपून ठेवली आहे ना?" हॉल हसला. मग हात झटकला, आत काहीतरी टक् वाजलं आणि अंगठी कुठेच नाही. पाकीट उघडलं तर नुसत्या किल्ल्या. मामा घड्याळाकडे बघायला लागले. लोकांना वाटलं हाच खेळ आहे, म्हणून ते आणखी हसले. माझी पाठ घामाने चिंब. मी झेंडूच्या माळा उचलून खाली बघतोय, सनईवाल्याची पेटी सरकवतोय, एका काकूंना "जरा पाय उचलता का" म्हणतोय, आणि दर वेळी हशा वाढतोच आहे. शेवटी पाणी वाटणाऱ्या पोराला ती स्टेजच्या पायरीखाली सापडली. खडा शाबूत होता, हे देवाचे उपकार.

वर्षभरातला सगळ्यात मोठा हशा त्या दिवशी पडला, आणि त्यात वस्तूचा वाटा शून्य. लोक मामांच्या चेहऱ्याला हसत होते. त्यानंतर शोधाशोध मी खेळातच घेतली. आता काकूंना पाय उचलायला सांगतो तेव्हा अंगठी कुठे आहे ते मला ठाऊक असतं, एवढाच फरक.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनवाल्या आबे फारियांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 साली घडवलेला. गोव्यातला प्रत्येक जादूवाला कधी ना कधी तिथे फोटो काढतो, मीही काढला आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या पाद्र्याचं म्हणणं असं की गुंगी कुठल्या लोहचुंबकी शक्तीने येत नाही, ती समोरच्याच्या मनात तयार होते. साडेनऊ हजार घालवण्याआधी हे आठवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी वस्तू, एकात एक पाच लाकडी डबे. अंगठी सगळ्यात आतल्या डब्यात निघते. चौथा उघडला की स्प्रिंगचा कापडी साप उडतो. डिसेंबरपर्यंत सुरेख चालले. जून लागला आणि लाकूड फुगलं. म्हापशाला वाढदिवसाच्या कार्यक्रमात तिसऱ्या डब्याचं झाकण हलेना. आत वाढदिवसवाल्या मुलाच्या आईची अंगठी. वडिलांनी ओढलं, काकांनी ओढलं, मग स्क्रूड्रायव्हर आला. साप मात्र एकदाचा उडाला तो थेट केकवर. घरी येऊन झाकणांच्या कडा झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, वर मेणबत्ती फिरवली. आता हे डबे बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. सापाला बुरशीचा वास आला होता, त्याला नवं कापड शिवून घेतलं.

या डब्यांत मी एक भर घातली आणि तीच सगळ्यात चालते. पोदेराकडे, म्हणजे आमच्या पाववाल्याकडे, बांगडीच्या आकाराचा कडक पाव मिळतो, त्याला कांकण म्हणतात. साप उडून गेला की डब्यातून ते कांकण काढतो आणि म्हणतो, "घ्या, वजन वाढवून दिलंय, घडणावळ नको." किंमत काही रुपये, आणि हशा साडेनऊ हजारांचा. खरी अंगठी नंतर उंड्यात, म्हणजे गोल पावात, निघते. मात्र हे साध्या वळ्यासारख्या अंगठीनेच करा. खड्याच्या अंगठीत पावाचा गर शिरला तर तो टूथपिकने काढत बसावं लागतं, आणि समोर मालकीण उभी असते.

म्हणून सांगतो, अंगठी कुणाकडून मागायची हे वस्तूपेक्षा महत्त्वाचं. माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे साठीचे ख्रिस्ती अंकल. लग्नातली साधी गुळगुळीत अंगठी, आतल्या बाजूला बऱ्याचदा बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली, त्यामुळे परत केल्यावर ओळख पटवायचा प्रश्नच नाही. मडगावला एकांनी दोन मिनिटं झाली नाहीत तोवर ओरडायला सुरुवात केली, "म्हजी मुदी खंय रे? बायल म्हाका मारतली!" (माझी अंगठी कुठे रे? बायको मला मारील!) मला पुढचं काही बोलावंच लागलं नाही. आपल्या अंगठ्यांत नाव नसतं. पण नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो इतका बारीक की मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं भलं मोठं भिंग घेऊन जातो आणि एखाद्या आजोबांना वाचायला लावतो. आजोबा चष्मा काढतात, पुन्हा घालतात, भिंग उलटं धरतात. तिथे मी गप्प उभा राहतो.

तिसरी वस्तू जोडल्या जाणाऱ्या अंगठ्यांची. वेगवेगळ्या लोकांच्या अंगठ्या साखळीसारख्या एकमेकींत अडकतात. यासाठी लागणाऱ्या अंगठीला हिंबर रिंग म्हणतात, न्यूयॉर्कचा बँडमास्टर आणि जादूगार रिचर्ड हिंबर याच्या नावावरून. कारागिरी उत्तम, तक्रार नाही. पण तिचा रंग! आपल्या बायकांना दहा फुटांवरून 22 कॅरेट आणि वन ग्रॅममधला फरक कळतो. पहिल्याच प्रयोगात एक वहिनी शेजारणीला म्हणाल्या, "ती मधली बेन्टेक्सची आहे." खेळ तिथेच संपला. आता ही फक्त शाळेत मुलांसमोर काढतो.

चौथी, ठेचायची हातोडी. अंगठी रुमालात बांधून हाणायची, मग हातोडीचंच डोकं गळून पडतं. मुलं लोळतात. मोठ्यांसमोर करताना मालकिणीचा चेहरा आधी बघा. मंगळसूत्राशेजारची साखरपुड्याची अंगठी असेल तर हातोडी बाहेरच काढू नका. एकदा एका नव्या सुनेचे डोळे खरोखर भरले, आणि त्या घरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. चूक माझीच.

विक्रेत्याबद्दल एवढंच की पाकीट बिघडल्याचं कळवलं तर "फक्त साध्या अंगठीसाठी" असं उत्तर आलं. वस्तूच्या जाहिरातीत हे कुठेही नव्हतं.

नवीन कुणी घेत असेल तर डबे घ्या, पावसाळ्याआधी घासून ठेवा. हातोडी मुलांसाठी ठीक. हिंबर रिंग घ्यायचीच असेल तर आधी सोनाराकडून चांगला मुलामा करून घ्यायची तयारी ठेवा. मला अजून ते जमलेलं नाही. पाकीट दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा नाद सोडला. सध्या त्यात खरंच स्कूटरची चावी असते.