2024 चे माझे आवडते गेम : नवेपणा ओसरल्यावर

वर्ष संपता संपता आवडत्या गेमच्या याद्या येतात तेव्हा गेमही ताजे असतात आणि उत्साहही. म्हणून 2024 बद्दल लिहायला मी मुद्दाम वेळ जाऊ दिला. मधल्या महिन्यांत बरेच गेम डिस्कवरून उडवले आणि चार राहिले. ते का राहिले याचं माझं उत्तर एकच आहे : हे गेम खेळणाऱ्याच्या डोक्यावर भरवसा ठेवतात. 

सगळ्यात वर बलाट्रो, पोकरसारखे पत्ते लावून गुण मिळवायचा गेम. फेब्रुवारीत आलेला हा गेम लोकलथंक या टोपणनावाच्या कॅनडातल्या डेव्हलपरने संगीत वगळता जवळजवळ एकट्याने केला आहे. ज्याने तीनपत्ती किंवा रमी खेळली आहे त्याला जोडी, कलर, सिक्वेन्स हे सगळं ओळखीचं वाटेल. टाकलेल्या पानांच्या अशा प्रत्येक हाताला काही चिप्स आणि एक गुणक मिळतो, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे आपले गुण. कलर लागला की सुरुवातीला 35 चिप्स आणि 4 चा गुणक, शिवाय पानांच्या आकड्यांच्या चिप्स वेगळ्या. पहिल्या डावाला 300 गुण पुरतात. आठव्या टप्प्याच्या शेवटच्या डावाला, तेही सर्वांत सोप्या पातळीवर, सहसा 1,00,000 लागतात. मधलं अंतर कापायचं ते जोकरांच्या, म्हणजे गुण वाढवणाऱ्या खास पानांच्या जोरावर. जोकर आहेत 150, पण एरवी जवळ पाचच ठेवता येतात.

खरी मजा मला उशिरा कळली, ती या जोकरांच्या क्रमात. ते डावीकडून उजवीकडे काम करतात. 4 च्या गुणकात आधी 12 मिळवून मग तिप्पट केली तर 48 होतात. आधी तिप्पट करून मग 12 मिळवले तर 24 च. जोकर तेच, फक्त जागा बदलल्या. पानं टाकण्याआधी एकूण किती होणार हे गेम दाखवत नाही, हिशोब आपणच करायचा, आणि मला हा निर्णय फार आवडतो. बेरीज डोळ्यांसमोर आयती आली असती तर मी विचार करणं सोडून दिलं असतं.

सुरुवातीला मी कलरच्याच मागे असायचो. आता साध्या जोडीवर खेळतो, कारण जोडी जवळपास प्रत्येक वेळी हाताशी असते. टप्प्याच्या शेवटच्या डावाला एक बॉस असतो, तो काहीतरी अडथळा घालतो. एखादा बॉस सगळे बदाम निकामी करतो, तेव्हा बदामांवर उभा केलेला डाव कोसळतो. जोडीवरचा तरून जातो. गेममधल्या पैशांचंही तसंच. दर 5 डॉलरमागे 1 व्याज मिळतं, जास्तीत जास्त 5, म्हणून 25 गाठीला ठेवून उरलेलेच खर्च करायचे, ही शिस्त लागायला मला बराच काळ गेला.

घरात पत्ते दिसले की जुगाराची शंका येतेच. यात खरे पैसे कुठेही लावायचे नसतात. युरोपच्या पेगी मानांकनाने आधी याला 18 वर्षांची अट लावली होती, फेब्रुवारी 2025 मध्ये ती 12 वर आणली, आणि ते योग्यच झालं. मोबाइलवर तो सप्टेंबर 2024 पासून आहे आणि घाटात रेंज गेली तरी चालतो.

दुसरा ॲनिमल वेल, खोल्या-खोल्यांतून भटकत कोडी सोडवायचा गेम. बिली बासो यांनी सुमारे सात वर्षं खपून तो एकट्याने बनवला, इंजिनसकट, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरसकट. आकार 40 एमबीच्या आसपास. फोनवर फॉरवर्ड होणारे काही व्हिडिओही याहून मोठे असतात! हातात तलवार नाही, बंदूक नाही. फुगे काढायची कांडी, यो-यो, बासरी, तबकडी अशा वस्तू मिळतात आणि त्यांचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. फुग्यावर उभं राहता येतं, हे समजल्यावर आधी ओलांडून आलेल्या खोल्यांकडे मी नव्याने पाहायला लागलो. शेवट झाल्यावरही 64 अंडी शोधायची असतात आणि त्याखाली आणखी कोडी. एका कोड्यात तर प्रत्येक खेळाडूला 50 तुकड्यांपैकी एकच तुकडा मिळत होता. अनोळखी लोकांनी आपापले तुकडे जुळवले तेव्हा कुठे चित्र पुरं झालं. फक्त मध्ये मोठा खंड पडू देऊ नका. आपण कुठे काय पाहून ठेवलं होतं ते विसरायला होतं. मी वही ठेवली आहे.

हीच अडचण प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउनने फार सुंदर सोडवली आहे. जिथे वाट अडते तिथला फोटो काढून नकाशावर टाचता येतो. महिन्याने परत आलात तरी तो दरवाजा का सोडला होता हे समोर दिसतं. आता अशा प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये ही सोय नसली की मला चुकल्यासारखं होतं. नायक सार्गोन काफ पर्वतावर राजपुत्राला शोधायला जातो. पुढे तो आपली सावली एका जागी ठेवून क्षणात तिथे परतायला शिकतो, आणि तिथून उड्यांची कोडी वेगळ्याच पातळीवर जातात. आवाज फारसीत ठेवून खेळा, गोष्ट तिच्या मातीतली वाटते. हा गेम करणारा फ्रान्समधल्या माँपेलिये शहरातला युबिसॉफ्टचा संघ पुढे निरनिराळ्या कामांवर विखुरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथा ॲस्ट्रो बॉट, एका छोट्या रोबोटचा उड्या मारत पुढे जायचा गेम. त्याला डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरवलं गेलं, त्यामुळे त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एवढंच सांगतो : एखादी नवी कल्पना आणायची, एका लेव्हलमध्ये ती पुरेपूर वापरायची आणि सोडून द्यायची, हे धाडस टोकियोच्या या छोट्या स्टुडिओने पुन्हा पुन्हा केलंय. घरी लहान मूल आणि पीएस 5 दोन्ही असतील तर हाच घ्या.

ऑक्टोबरात पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस आला, त्याबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. तो बॅटल रोयाल, म्हणजे पुष्कळ खेळाडूंतून शेवटपर्यंत टिकायच्या लढाईचा गेम आहे, आणि हा प्रकार माझा प्रांत नाही, म्हणून तो या यादीत घेतला नाही. पुण्यात एवढ्या आवाक्याचं काम उभं राहिलं याचा आनंद मात्र आहे.

कुठून सुरुवात करायची असेल तर मोबाइलवरच्या बलाट्रोपासून करा. प्रिन्सचा मोफत डेमो आहे, तो आधी खेळून बघा. ॲनिमल वेल घेतलात तर पहिले काही दिवस यूट्यूबवर उत्तरं शोधू नका.