सेव्हेलॅमर कार्बोनेट: आईच्या डायलिसिससोबतचा काही महिन्यांचा अनुभव

आईचे हिमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा होते आणि फॉस्फरस आटोक्यात राहावा म्हणून ती सुरुवातीपासून कॅल्शियम ॲसिटेट ही अन्नातील फॉस्फेट आतड्यात बांधून ठेवणारी गोळी (बाइंडर) घेत होती. मागच्या वर्षी पोटाच्या एका कुशीकडून काढलेल्या एक्स-रेमध्ये महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेले दिसले, टू-डी इकोमध्ये हृदयाची एक झडपही जाड झालेली आढळली आणि रक्तातील कॅल्शियम १०.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर गेले, तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टनी (मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी) ती गोळी थांबवून सेव्हेलॅमर कार्बोनेट ८०० मिलिग्रॅम हा दुसरा बाइंडर सुरू केला.

बदलामागचे कारण त्यांनी नीट समजावले. कॅल्शियम ॲसिटेटच्या ६६७ मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे १६९ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे दिवसाला सहा गोळ्या घेतल्या की एक ग्रॅमभर कॅल्शियम पोटात जाते आणि त्यातले काही रक्तात उतरते. मूत्रपिंडे निकामी असल्यामुळे जास्तीच्या कॅल्शियमला बाहेर जायला पुरेशी वाट नसते. त्यात फॉस्फरस वाढलेला असला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, भिंत ताठर होते आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला अधिक जोर लावावा लागतो. सेव्हेलॅमरमध्ये कॅल्शियम नसते आणि ते रक्तात शोषलेही जात नाही. आतड्यातच अन्नातील फॉस्फेट धरून ते शौचावाटे बाहेर पडते.

आता आईचा फॉस्फरस ६.९ वरून ५.२ वर आला आहे आणि कॅल्शियम ९.२ च्या आसपास स्थिर आहे. या औषधाने आतड्यातली पित्ताम्लेही (पित्तातील आम्ले) बांधली जात असल्यामुळे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही कमी झाले. पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल राखणारे पॅराथायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक) मात्र अजून हवे तितके उतरलेले नाही.

गोळी घेण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. आई दोन-तीन घास झाल्यावर पहिली गोळी घेते आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी, कारण पोटात अन्न नसेल तर बांधायला फॉस्फेटच नसते. गोळी मोठी आहे, ओलाव्याने फुगते आणि तोंडात क्षणभर रेंगाळली तरी चिकट होते. चावायची किंवा कुटायची तर नाहीच. दिवसाचे पाणी मोजून मिळणाऱ्या रुग्णाला ती गिळताना खरोखर त्रास होतो. त्यासाठी आम्ही दिवसाच्या पाण्यातूनच दोन घोट वेगळे राखून ठेवतो. थायरॉईडची गोळी तिच्यापासून कमीत कमी चार तास दूर ठेवावी लागते.

पोट फुगणे पहिल्या काही आठवड्यांत कमी झाले, बद्धकोष्ठता राहिली. तिच्यावर डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज दिले; मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली रेचके डायलिसिसच्या रुग्णाने मनाने घेऊ नयेत, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

औषध बदलले तरी पथ्य सुटत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो आणि जवळजवळ तेवढाच एका दिवसाच्या आहारातून पुन्हा येतो. डाळी व धान्यांतला फॉस्फरस बराचसा फायटेट या सहज न पचणाऱ्या रूपात असल्यामुळे कमी शोषला जातो; याउलट कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज आणि पाकीटबंद मांस यांत मिसळलेले फॉस्फेट क्षार जवळजवळ पूर्ण शोषले जातात. म्हणून आमच्याकडे आमटी-भाकरी बेताने सुरू आहे आणि ही पाकिटे बंद आहेत. आहारातली प्रथिने कमी करून फॉस्फरस उतरवणे मला धोक्याचे वाटते. प्रथिनांसाठी आईला अंड्याचा पांढरा भाग चांगला मानवला.

खर्च मात्र अंगावर येतो. कॅल्शियम ॲसिटेटच्या तुलनेत ही गोळी बरीच महाग पडते. शिवाय २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २१०० रुग्णांच्या डीकॉर अभ्यासात दोन्ही प्रकारच्या गोळ्यांमध्ये एकूण मृत्युदराचा ठळक फरक दिसला नव्हता, हेही खरे. तरी केडिगो या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅल्शियमयुक्त बाइंडरची मात्रा मर्यादित ठेवण्याचा सल्ला आहे. माझ्या मते, ज्यांचे कॅल्शियम वरच्या टोकाला आहे किंवा ज्यांच्या वाहिन्यांत व झडपांत ते साचलेले दिसले आहे, त्यांनी या औषधाविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे; कॅल्शियम कमीच असलेल्या रुग्णासाठी हा खर्च करण्यापूर्वी मी दोनदा विचार करीन.