पाण्याच्या पॅकिंगला लॉकटाईट ५६९९ : काम करतं, पण जोडाचा फेस (बसायचं तोंड) साफ असेल तरच

वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट हाऊसिंगच्या जोडातून कूलंट पाझरत असेल, तर लॉकटाईट ५६९९ ही जोडात पॅकिंगसारखं भरायच्या सिलिकॉनची राखाडी ट्यूब घ्यावी. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल यांच्यासमोर ती चांगली टिकते. शिवाय हिला व्हिनेगरचा वास नाही. तसा वास येणारं स्वस्त सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला लावू नका. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि धातू खातं.

सोलापुरात खरी अडचण सिलिकॉनची नसते, पाण्याची असते. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओतलं की हाऊसिंगच्या तोंडाला पांढरा थर बसतो आणि त्याखाली खड्डे पडतात. बारीक खड्डे सिलिकॉन भरतं. तोंडावर सरळ पट्टी धरून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जात असेल, तर मात्र फेस मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायलाच हवा. तिथे जाड थर लावणं म्हणजे गळती पुढे ढकलणं. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा बोथट पट्टीने काढा, कारण ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. शेवटी ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा. तेलाचा हात लागला तरी सिलिकॉन धरत नाही.

मग २ ते ३ मिलिमीटरची सलग रेघ ओढा, बोल्टच्या भोकांना वळसा घालून. दहा मिनिटांच्या आत हाऊसिंग बसवा आणि बोल्ट आमनेसामने, दोन टप्प्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा. रेघ जाड झाली की जादा माल आतल्या बाजूला फुगतो, तुटतो, आणि रेडिएटरच्या नळ्यांत किंवा थर्मोस्टॅटमध्ये अडकतो. गाडी तापते ती यामुळे, पण दोष पंपाला दिला जातो.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, उष्णतेने नाही. त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते लवकर पक्कं होईल हा समज चुकीचा आहे. वरून साय धरते, आत कच्चं राहतं. कूलंट भरायच्या आधी किमान २४ तास द्या. संध्याकाळी बसवून रात्रीच गाडी हैदराबाद रोडला लावायची असेल, तर हा माल वापरू नका, तयार पॅकिंग शोधा.

रबरी ओ-रिंग असलेल्या जोडाला हे लावू नये, रिंग सरकते. हेड पॅकिंगलाही (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या) नाही. कूलंटच्या टाकीत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेडच उतरवावं लागतं.

उघडलेली ट्यूब नळीतच घट्ट होते, हा एकच मोठा तोटा. एका हाऊसिंगपुरतं काम असेल तर लहान ट्यूब घ्या आणि मुदतीची तारीख बघूनच पैसे द्या.

जोड तपासताना इंजिन गार ठेवा. प्रेशर टेस्टर लावून रेडिएटरच्या टोपणावर लिहिलेला दाब द्या, १५ मिनिटं काटा बघा. काटा उतरला आणि जोड कोरडा असेल, तर होज आणि क्लॅम्प बघा.